नऊनंतर उमलणारी टोपली

आमच्या घरात फूल उमललं की त्याची खैर नसते. सासूबाई पहाटे उठतात, आंघोळ करतात आणि हातात परडी घेऊन गॅलरीचा सफाया करतात. जास्वंद, मोगरा, सदाफुली, कुणाचीही गय नाही. देव्हारा नुसता डवरलेला आणि माझ्या कुंड्या न्हाव्याकडून आल्यासारख्या. काही बोलायची सोय नाही. "उमललं की देवाचं," एवढं एक वाक्य तोंडावर मारलं की त्यांचा विषय संपतो. नवऱ्याकडे बघावं तर तो पेपरात तोंड खुपसून बसलेला. लग्न होऊन देवासला आले तेव्हापासून हेच चाललंय. मी रोज इंदूरला अप-डाउन करते, दमून घरी येते, आणि समोर काय, तर पानं! अस्सा संताप होतो की विचारू नका.

गेल्या फाल्गुनात मात्र मी पदर खोचला. म्हटलं, यंदा उन्हाळाभर गॅलरीत एक टोपली लटकणार आणि ती रंगीत राहणार म्हणजे राहणार. उज्जैन रोडवरच्या नर्सरीत गेले आणि सरळच सांगितलं, "भिया, ऐसा कुछ दो जो लू में मरे नहीं और हमारी सासूजी के हाथ लगे नहीं." तो पोट धरून हसला आणि त्यानं चिनी गुलाबाचा ट्रे पुढे केला. आमच्याकडे त्याला नौबजिया म्हणतात. सकाळी नऊ वाजेपर्यंत हे महाशय डोळा उघडत नाहीत. मी तिथंच मनातल्या मनात टाळी वाजवली. सासूबाईंची पूजा साडेसातला आटोपलेली असते, आणि देवाला कळी वाहायची नाही हा त्यांचाच नियम!

टोपली काथ्याची आणली. आमची माळव्याची काळी माती अशा कामाला कुचकामी, भिजली की चिखल आणि वाळली की वीट. म्हणून वाळू, शेणखत आणि नारळाचा भुसा असं हलकं मिश्रण केलं. बोटभर लांबीच्या फांद्या तोडून वर खोचल्या आणि थोड्या कडेच्या जाळीतून बाहेर काढल्या, म्हणजे वाढल्यावर खाली झुलतील. राणी, पिवळा, केशरी, पांढरा, सगळे रंग मिसळून टाकले. छताच्या कडीला टोपली अडकवली. रोज सकाळी मगभर पाणी घालायचं, टोपली थोडी फिरवायची, म्हणजे सगळ्या अंगाला ऊन लागतं, आणि शेंडे खुडायचे, म्हणजे ती पसरते.

सासूबाईंनी खालून मान वर करून बघितलं. "हे काय गं, भाजी लावलीस?"

"हो आई, घोळ आहे."

मला काही वाटलं नाही खोटं बोलताना. पानं दिसतातही तशीच. त्या म्हणाल्या, "वाढली की पातळ भाजी करू," आणि आत गेल्या. मी गॅलरीत एकटीच खुदुखुदु हसत बसले.

हसू फार टिकलं नाही. एके दिवशी शेजारीण जिन्यात भेटली. "भाभी, आपकी टोकरी तो क्या गज़ब खिली है!" मी धावत वर आले तर टोपलीत नुसती सुरकुतलेली बोंडं. संध्याकाळ झालेली. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मी घराबाहेर पडते साडेआठला आणि परत येते साडेसहाला. सासूबाईंना चकवायला गेले आणि सगळ्यात आधी मीच फसले की!

त्यात सासूबाईंना चेव आला. घोळीचं बिंग फुटलंच होतं. मी चपला काढते न काढते तोच त्यांचं सुरू व्हायचं, "तुझी घोळ आज काय फुलली होती गं! राणी रंगाची तर अगदी उतू चालली होती." मी दात-ओठ खात चहा टाकायची. म्हटलं, ठीक आहे, रविवार काही कुठं पळून जात नाही.

रविवार आला. आता आमच्याकडे रविवारची पूजा नवऱ्याच्या हातची, आणि तो सुट्टीच्या दिवशी उठतो आठला. म्हणजे पूजेला वाजतात साडेनऊ. मी चहाचा कप घेऊन ऐटीत गॅलरीत आले, तर सासूबाई स्टुलावर उभ्या, परडी भरलेली आणि टोपली बोडकी.

"आई!"

"अगं, उमललेली होती. उमललेलं चालतं."

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. खरं सांगते, मला रडू आलं. मला दुसरं काही नको होतं हो. माझ्या हातची ती टोपली भरून फुललेली मला एकदा, फक्त एकदाच बघायची होती.

तेवढ्यात चैत्रगौर आली. गौर पाळण्यात बसवायची, पुढे आरास मांडायची, बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. आमच्या घरी ते रविवारी ठरलं. या निमित्तानं सासूबाईंच्या जाऊबाई, आमच्या धारच्या काकू, दरवर्षी येतात आणि आपल्याकडची आरास कशी झाली ते पन्ह्याचा पेला संपेपर्यंत ऐकवतात. सासूबाईंना ते भयंकर झोंबतं. मी तिथंच गळ टाकला.

"आई, यंदा पाळणा नकोच. गौर टोपलीत बसवू. टोपली झुलतेच आहे. फुलं तोडून देवीला वाहण्यापेक्षा देवीच फुलांत बसेल. काकू बघतच राहतील."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "मला उल्लू बनवतेस होय गं?" मग पदर तोंडाला लावून हसल्या. टोपलीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बसवू."

रविवारी सकाळी आम्ही टोपलीत मधोमध वाटी पालथी घालून त्यावर पितळेची अन्नपूर्णा बसवली. नऊ वाजून गेले. आधी एक पिवळं सैल झालं, मग केशरी, आणि मग बघता बघता सगळी टोपली उघडली. काय रंग होते! मी स्टुलावर बसूनच राहिले. चहा गार झाला, नवऱ्यानं दोनदा हाक मारली, मी हललेच नाही. सासूबाई शेजारी उभ्या होत्या आणि एका शब्दानं घाई कर म्हणाल्या नाहीत. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

दुपारी मी स्वयंपाकघरात अडकले. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीचे हरभरे, डोकं वर काढायला सवड नव्हती. पाच वाजता धारच्या काकू आल्या. त्यांना मोठ्या दिमाखात गॅलरीत नेलं आणि बघते तर काय! टोपली हिरवीगार. फुलं मिटून चिमलेली आणि त्या पाल्यात गौर एकटी बसलेली. मला वाटलं होतं, मी घरी येते त्याच सुमारास मिटत असतील!

"अहो आई, ही मिटतात कधी?" मी कुजबुजले.

"दोनला," त्या शांतपणे म्हणाल्या. "रोजच."

काकूंना तर आयतंच सापडलं. "अगं बाई, देवासला फुलांचा दुष्काळ पडलाय का? गौरीला एक फूल नाही?" बाकीच्या बायका हसल्या. मी मान खाली घातली. एवढ्या बायकांसमोर सासूबाई आता मला सोडत नाहीत, अशी माझी खात्री होती.

सासूबाईंनी जाऊबाईंना हळदकुंकू लावलं आणि हातात पन्ह्याचा पेला दिला. "होती की. सकाळी टोपली भरून फुलली होती."

"सकाळी काय उपयोग? बघितली कुणी?"

"जिला बघायची होती तिनं."