हद्दीचा दगड

महिपतरावकाकांचा मला अजून राग येतो, आणि दर दसऱ्याला मीच त्यांना स्कूटरवर बसवून नेतो.

ग्वाल्हेरच्या एका जुन्या कालव्याकाठी, इथल्या बोलीत नहरकाठी, आमची अठरा मराठी घरं होती. पूर्वजांनी तलवारी ठेवल्या आणि कालव्याची दारं उघडायची-मिटायची नोकरी धरली. पुढे पाणी आटलं, नोकऱ्या गेल्या, घरं तेवढी राहिली. काका शेवटचे नहरवाले. निवृत्तीनंतरही दसऱ्याला ते हद्दीचा दगड चुन्यानं रंगवून हळदकुंकू वाहायचे. आम्ही हसायचो.

चार वर्षांपूर्वी मोजणीवाले आले. कालव्यावरून रस्ता न्यायचा होता; कालव्याच्या हद्दीत येतील ती घरं पडणार होती. शेजारच्या सुलोचनाबाईंनी आदल्या दिवशीच दगडावर गोवऱ्या रचून तो झाकला होता. कुणी तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं. साहेब उन्हात फिरफिर फिरले, दगड काही सापडेना. शेवटी वैतागून म्हणाले, "यहाँ कोई नहर-वहर थी ही नहीं."

झालं! काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "थी कैसे नहीं? तीन पीढ़ी पानी छोड़ा है हमने!" म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं गोवऱ्या बाजूला केल्या. तिथून फीत लागली. सतरा घरं हद्दीच्या आत निघाली. बाहेर राहिलं ते एकट्या काकांचं.

लोक म्हणाले, फितूर झाला. फितूर कसला, मूर्ख! आईचं देवघर पडताना मी पाहिलंय, त्यामुळे मला मूर्ख म्हणायचा हक्क आहे.

आता आम्ही सतराही घरं शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहतो. दसऱ्याला काका आपट्याची पानं घेऊन तिथं दारोदार जातात, दारं लागतात. यंदा मात्र सुलोचनाबाईंनी दार उघडलं, सोनं घेतलं.

"भावजी, इथं पण मोजणीवाल्यांची नापजोख सुरू झाली आहे. मागं दोन दगड रोवलेत. तुम्हाला त्यातलं समजतं. आम्ही आत आहोत की बाहेर?"

काका गुडघे धरत मागे गेले. एका दगडापाशी वाकले, एक डोळा मिटून दुसऱ्या दगडाकडे पाहिलं. त्यांच्यामागून मीही पाहिलं. अर्धं घर आत होतं.

"बाहेर आहात, वहिनी," काका म्हणाले.

सुलोचनाबाईंचा चेहरा उजळला. महिपतराव दगडाबाबत खोटं बोलत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? त्यांनी आम्हाला बसवलं आणि चहा टाकला.