पुंजारामाची तीन परदेशी नाणी

सातासमुद्रापलीकडे गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव येऊन वऱ्हाडाचं नशीब उघडलं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या, कुणी बायकोच्या दंडात जड जड वाक्या. अमरावतीच्या बाजारात चांदीचं कुणाला कौतुक उरलं नाही. नेमका त्याच दिवसांत पुंजाराम तीन वर्षं परमुलखात हिंडून गावी परतला, आणि पठ्ठ्यानं आणलं काय, तर चांदीची तीन नाणी. आता याला काय म्हणावं?

गडी साधा गाडीवान. कापसाच्या गाड्या घेऊन मुंबईला गेला आणि तिथं एका कच्छी शेठनं मालाची राखण करायला त्याला गलबतावर चढवलं. मस्कत, एडन, जंगबार. दर बंदरात मजुरीतलं एक नाणं तो कमरेला बांधलेल्या कशात, पैशांच्या पिशवीत, टाकी. पोटाला चिमटा घेतला, पण त्या नाण्यांना हात लावला नाही. मस्कतच्या नाण्यावर नुसती वळणदार अक्षरं, एडनच्या नाण्यावर साप चोचीत धरलेला पक्षी, आणि जंगबारच्या नाण्यावर ठुसठुशीत गालांची कुणी राणी. नाणं तळहातावर घेतलं की ते बंदर त्याच्या डोळ्यांपुढे उभं राही. आपण पाहिलेलं गावानं एकदा नीट ऐकून घ्यावं, एवढीच त्याची हौस होती.

चावडीवर भगवंत पाटलानं राणीचं नाणं दगडावर वाजवून पाहिलं.

"खनखनीत हाय. वजन किती भरते?"

"पाटील, हे जंगबारचं. तिथं लवंगीच्या बागा हायत. किनारा दिसायच्या आधी वास येते."

"येत असन. पन याच्यात एका बैलाच्या शेंब्या होतीन का?"

एक म्हातारा पक्ष्याचं नाणं डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, हा तर आपला गरुड, म्हणजे तिकडंही आपलाच देव. झालं, समुद्राची गोष्ट तिथंच बुडाली. पुंजाराम रोज चावडीवर जाई, रोज नाणी काढी आणि रोज कुणीतरी वजन विचारी. गाढवापुढे वाचली गीता! चिडून तो घरी येई, न बोलता भाकर खाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चावडीच गाठी.

पुढे अकोल्याला गाड्या न्यायचं काम निघालं. वाटेवर चोरांचं भय होतं, म्हणून निघताना त्यानं कमरेचा नाण्यांचा कसा सोडून बायकोच्या, मैनाबाईच्या हाती दिला. "सांभाळ," एवढंच म्हणाला.

परतला तेव्हा नाण्यांचा कसा खुंटीवर रिकामा लोंबत होता. देवांपुढे लाल फडक्यावर तळहाताएवढं चांदीचं छत्र ठेवलेलं होतं.

"नाणी कुठं हायत?"

"गोवर्धन सोनारानं आटवली. तुमी जित्ते परत आले तं अंबादेवीले छत्र वायीन, असा नवस बोलली होती मी."

पुंजारामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गावात चांदी उतू जाऊन राहिली, अन् तुले माहीच नाणी दिसली? घरात रुपये नवते काय?"

"होते. कापसाचे होते." मैनाबाई चुलीपुढून हलली नाही. "पन त्या चांदीचा नवस नवता. देवीनं तुमाले जिथून आनलं, तिथलीच चांदी तिले पायजे. दुसरी कशी चालन?"

"अन् मी ते नाणे काहून जपले, हे तुले ठाव नाई? साऱ्या गावाले सांगून सांगून माही जीभ झिजली."

"गावाले सांगतलं," मैनाबाई म्हणाली. "मले कवा सांगतलं?"

पुंजाराम बोटांवर मोजू लागला. पाटलाला सांगितलं होतं, तेल्याला सांगितलं होतं, वाटेवरच्या गोसाव्यालाही धरून बसवलं होतं. जी बाई तीन वर्षं त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली, तिला काही सांगावं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःचाच राग आला, आणि तो काढावा तरी कुणावर?

मैनाबाईनं तवा उतरवला, पदराला हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"सांगा आता. समुद्र केवढा असते? कुठं कुठं गेलते तुमी?"

"पह्यले मस्कत," पुंजाराम म्हणाला, आणि सवयीनं त्याचा हात कमरेला गेला. तिथं दाखवायला काहीच नव्हतं.