आजीबरोबर नागपूरला

अमेरिकेत पीएचडी करताना मी अटलांटाजवळच्या अल्फारेटात एका मराठी जोडप्याकडे खोली घेऊन राहत होते. ती नागपूरची, तो पुण्याचा, दोघंही प्रोग्रॅमर. मी त्यांना ताई-दादा म्हणायचे. मुलगी झाली तेव्हा ताईची आई सहा महिन्यांसाठी आली. इथल्या बहुतेक मराठी घरांत हेच चालायचं: आधी आई, ती परतली की सासूबाई. पण सासूबाईंचा व्हिसा नाकारला गेला आणि पुढचं सगळं कोसळलं.

पाळणाघर सहाला बंद व्हायचं. ताईचं ऑफिस अटलांटाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि संध्याकाळी हायवे ठप्प. घराजवळ बस नाही, ट्रेन नाही, बाळाला तासभर सांभाळेल अशी मावशी नाही. असली उपनगरं आखणारे प्रत्येक घरात एक बाई दिवसभर मोकळी बसलेली आहे असं गृहीत धरतात. वर त्यालाच फॅमिली-फ्रेंडली म्हणतात!

मराठी मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून केलेल्या जेवणाला, एक काका ताईला म्हणाले, "अगं, सोड ना नोकरी. मस्त आराम कर घरी."

"काका, सोडली तर मी ह्याच्या व्हिसावर जाणार. त्यावर नोकरी करताच येत नाही. मग परत कधी?"

"मग दादाला सोडू दे," मी म्हटलं.

सगळे हसले. दादाही हसला. "तू आपली कॅम्पसवर तुझी ती स्त्रीमुक्तीची पत्रकं वाट, यार!"

मी जोक केलेलाच नव्हता.

शेवटी परत निघायची वेळ आली तेव्हा ताईची आईच म्हणाली, "मी नेते हिला नागपूरला. जरा मोठी झाली की आणून देईन. तू नोकरी सोडू नकोस. मी सोडली होती."

बाळ गेलं. ताईची नोकरी टिकली. पुढच्या पॉटलकला काकू किचनमध्ये कुजबुजल्या, "कसं धाडवलं गं हिला?" हॉलमध्ये काका लोक दादाला विचारत होते, नवा प्रोजेक्ट कसा चाललाय. बाप तोही होताच की!

ताईचं दूध लगेच आटलं नाही. काही दिवस ती ऑफिसात पंप करायची आणि बाटल्या घरी आणून सिंकमध्ये रिकाम्या करायची.

"तिथेच का नाही ओतून देत, ताई?" मी विचारलं.

"तिथे ओतवत नाही गं," ती म्हणाली आणि तिनं नळ मोठा सोडला.