दिंडोरीहून आलेला फोन

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही – आणि ह्यांच्यापासून मी दुसरं काही लपवलं नसेल. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मन मोकळं करायला कुणी नसेल त्यांच्यासाठी नाशकात एका संस्थेने फोनसेवा सुरू केली होती. तिथे मी दुपारची बसायचे. नाव विचारायचं नाही, आपलं मत लादायचं नाही – शिकवताना एवढं आमच्याकडून घोकून घेतलं होतं. मी ऐकते छान, असं सगळे म्हणायचे. मलाही ते पटलं होतं.

एका दुपारी दिंडोरीहून एका मुलीचा फोन आला. एसटीडी बूथमधून, दबक्या आवाजात. एका मुलाने तिला लग्नाचा शब्द दिला होता. त्याच्या घरच्यांनी जात पाहिली, नाही म्हणाले – आणि आता तो दुसरीशी लग्नाला उभा राहत होता.

"मुलगी नाशकाची हाय, ताई. सिडकोतली. शाळेत शिकवते म्हणे. त्याचं द्राक्षाच्या औषधांचं दुकान हाय ना, तिथंच पत्रिका बघितली मी. तिला जाऊन सांगू का? तिला काहीच माहीत नसंल."

ती पत्रिका मी निवडली होती. ती नवरी – माझी लेक वैशाली होती.

काय करायला हवं होतं मी? शेजारच्या टेबलावर आमच्या दुसऱ्या ताई रिकाम्याच बसल्या होत्या. फोन त्यांच्या हातात द्यायचा, एवढंच. पण डोळ्यांसमोर मांडव आला, सोयरे आले – लोक काय म्हणतील ते आलं. आणि मी त्याच शिकवलेल्या, मऊ आवाजात म्हणाले, "नको गं. तिच्या दारात गेलीस तर तुझीच बदनामी होईल. विसर त्याला."

ती खूप रडली. मग म्हणाली, "तुमी म्हणता तर नाय जात."

लग्न थाटात झालं. काही वर्षांनी जावयांच्याच तोंडून वैशालीला सगळं कळलं. माहेरी आली, ओट्याशी माझ्याजवळ उभी राहिली. "आई, कुणीतरी मला आधी सांगायला हवं होतं गं." तुला माहीत होतं का, असं तिने विचारलं नाही. तिच्या मनातही आलं नसेल. मी चहाचं आधण ठेवलं. ती परत नांदायला गेली – नवऱ्याशी कामापुरतं बोलते.

आणि एक राहिलंच. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी त्या मुलीचा पुन्हा फोन आला होता. पहिल्याच शब्दाला मी आवाज ओळखला.

"त्या दुपारच्या ताई हायेत का?"

मी आवाज बदलला. म्हणाले, त्या आता येत नाहीत.

"बरं," ती म्हणाली. "त्यांना एवढं सांगा – मी नाय गेले."