बुरशी आणि ख्रिसमसचं झाड

बांद्याला हायवेलगत ओळखीच्या एका काकांची रोपवाटिका होती. आंब्याचं कलम घ्यायला गेलं, तरी आधी दारातल्या कुंडीतलं ख्रिसमसचं झाड बघावंच लागे. सुईसारख्या पानांचं, ताठ, एकटं. ते दाखवत काका म्हणत, "माणसान ह्या झाडासारख्या रवाक व्हया. सरळ! कोणाचो आधार नको!" मग आंब्याचं एखादं काळवंडलेलं पान अंगठ्याने पुसत ते नाक मुरडत. "आणि ही बुरशी बघ. पानार जल्माक इली, पानाकच चिकटान मेली!"

आत त्यांच्या बायकोला हसू आवरत नसे. चष्म्यापासून चहापर्यंत त्यांचं सगळं तिला हाका मारूनच चाले.

एकदा दुपारी गेलो तर फाटक बंद. स्टँडवर पाहतो, तर हे इस्त्रीचा शर्ट घालून रेडीच्या गाडीची वाट बघतायत. बायको त्या सकाळीच दोन दिवसांसाठी रेडीला माहेरी गेली होती.

"काय हो, सरळ झाडाचं काय झालं?" मी विचारलं.

ते आधी लाजले, मग खो खो हसत म्हणाले, "झाड आसा थंयच, कुंडीत. पण पान रेडीक गेला रे! बुरशीन रवाचा खंय?"