अजून एक ऊन

चांद्याला माझ्या शाळेच्या वाटेवर पिठाच्या चक्क्यांच्या जळक्या मोटारी दुरुस्त करणारा एक कारागीर आपल्या घरापुढं बसायचा. तांब्याची तार भरण्याआधी तो मोटारीच्या लोखंडी खाचांमध्ये जाड, तपकिरी कागदाच्या पट्ट्या बसवायचा. कागदात ओल राहिली तर मोटार पुन्हा जळणार. म्हणून उन्हात वाळवलेली एकेक पट्टी तो डोळे मिटून गालाला लावायचा.

एकदा त्यानं मला हाक मारली. "गुरुजी, तुमची दाढी गुळगुळीत हाये. लावून पाहा बरं, वाळली का?"

"खडखडीत वाळली आहे."

"मले तं काईच समजत नाई. हे काम बायकोचं होतं. मी घाई करो, तं म्हणे, अजून एक ऊन लागू द्या."

बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा पट्टी पुढं केली. तीही खडखडीत होती, आणि चक्कीवाला मोटारीसाठी समोर ताटकळत उभा होता. पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारणारा मी म्हणालो, "अजून एक ऊन लागू द्या."

त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. झटकन मागं वळून त्यानं घराच्या रिकाम्या दाराकडं पाहिलं.