मावशीची ऊबदार खाट

शिलाईवाल्या मावशीची खाट कधी थंड होत नाही, अशी आमच्या गल्लीत कुजबुज होती. तिला तीन नवरे आहेत, असं दूधवाली शपथेवर सांगायची. शेवटी खोली रिकामी करून घ्यायला घरमालक भरदुपारी आला. खाटेवर एक गवंडी झोपेत आपल्या भाषेत नदीला हाका मारत होता.

"मावशी, हा कितवा?"

"हळू बोला, भाऊ. उशी एकच आहे. याची नदी अर्धीच राहिली, तर संध्याकाळी विणकराला कोरडंच स्वप्न पडेल."

मालक चपला हातात घेऊन परत गेला.

तीन मुलखांतले तीन मजूर त्या खाटेवर पाळीपाळीनं झोपत, कारण अख्खी खाट एकालाही परवडत नव्हती. मावशी जमिनीवर झोपायची.